जागा भन्नाट, गोष्ट लंगडी: अशा हॉरर पिक्चरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला हॉरर मनापासून आवडतं, शाळेत होतो तेव्हापासून, त्यामुळे मित्र, मावसभाऊ, ऑफिसमधली मंडळी सगळे मलाच विचारतात की हा बघू का, तो बघू का. आणि सगळ्यात जास्त वेळा जे ऐकलंय ते म्हणजे "अरे ट्रेलर बघून वाटलं काय जबरदस्त जागा शोधलीये, मग पिक्चर एवढा पाणचट कसा निघाला?" तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. खाली बऱ्याच पिक्चरचे शेवट उघड केलेत, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी पिक्चर बघून या.

नेमके कसले पिक्चर म्हणताय तुम्ही?

ज्यांची जागा ऐकूनच आपण तिकीट काढतो ते. पॅरिसच्या रस्त्याखालची हाडांची भुयारं, चेर्नोबिलशेजारचं ओसाड शहर, जुहूच्या वाळूत रुतलेलं रिकामं जहाज, चंद्र, समुद्राचा तळ. पहिली वीस-पंचवीस मिनिटं अंगावर काटा येतो कारण असं ठिकाण आधी पडद्यावर बघितलेलंच नसतं. मग हळूहळू लक्षात येतं की माणसं कोण आहेत ते आपल्याला कळलेलं नाही, भूत काय करू शकतं काय नाही याचा पत्ता नाही, आणि शेवटी एक लांबलचक फ्लॅशबॅक येतो ज्यात सगळं तोंडी समजावून सांगतात.

आधीच कसं ओळखायचं?

पूर्ण खात्रीने नाही सांगता येत, पण पिक्चर बघून झाल्यावर मी एक गोष्ट करतो, तिला मी वाड्याची परीक्षा म्हणतो. पिक्चरची गोष्ट मनातल्या मनात उचलायची आणि एखाद्या साध्या पडक्या वाड्यात नेऊन ठेवायची. काहीच बदललं नाही, तेच भूत तेच कारण तोच शेवट तसाच्या तसा बसला, तर समजायचं की ती भारी जागा नुसता पडदा होता, नाटकात मागे रंगवलेला असतो तसा. आणि वाड्यात नेल्यावर गोष्ट मोडून पडली तर ती त्या जागेचीच गोष्ट होती. 'ट्रेन टू बुसान' वाड्यात नेऊन बघा, दोन मिनिटंही चालणार नाही. त्याच्याबद्दल खाली येतोच.

'भूत: पार्ट वन - द हॉन्टेड शिप' बद्दल एवढी चिडचिड का?

कारण ती जागा आमची होती हो. जून २०११ मध्ये एम. व्ही. विझडम नावाचं जहाज खरंच जुहूला येऊन लागलं होतं. कोलंबोहून गुजरातेत अलंगला, म्हणजे जहाजं तोडायच्या यार्डात ओढून नेत होते, वाटेत दोर तुटला, वर माणूस नाही काही नाही, भरकटत वांद्रे-वरळी सी लिंकच्या जवळून गेलं आणि जुहूच्या वाळूत रुतलं. आम्ही बघायला गेलो होतो, पाऊस बारीक चालू होता, कणसाच्या गाड्यांपाशी ही गर्दी, पोरं बापाच्या खांद्यावर बसलेली, आणि समोर ते एवढं मोठं धूड, एकही दिवा नाही, एकही आवाज नाही. लाट आपटली की पोटातून घुमल्यासारखं व्हायचं. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्यांनी नमस्कार केला जहाजाला. का केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं बहुतेक, पण मला तो क्षण अजून आठवतो. पुढच्याच महिन्याच्या शेवटी पवित नावाचं दुसरं जहाज तसंच तिथेच जवळ येऊन लागलं, म्हणजे बघा.

त्यामुळे २०२० मध्ये भानू प्रताप सिंगचा हा पिक्चर येणार, विकी कौशल त्यात, आणि विझडमसारखंच जहाज, म्हटल्यावर मी पहिल्या दिवशी गेलो. आणि सुरुवात चांगलीच आहे. विकी कौशल शिपिंगमधला अधिकारी, बायको आणि मुलगी पाण्यात गमावलेला, दोष स्वतःकडे घेऊन जगणारा माणूस, आणि त्याच माणसाला 'सी बर्ड' नावाच्या रिकाम्या जहाजावर तपासणीला जायचंय. गंजलेले जिने, लांबच्या लांब काळोखे पॅसेज, टॉर्चच्या उजेडापुरतंच दिसणारं जग. इथपर्यंत मी खुर्चीच्या काठावर.

पण मग काय होतं, तर जहाजावर पूर्वी कोणी काय पाप केलं त्याचा फ्लॅशबॅक, स्मगलिंग, आणि आशुतोष राणांचे प्रोफेसर येऊन मंत्र. राणासाहेब काम चोखच करतात, प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न हा की हे सगळं कुठल्याही बंगल्यात होऊ शकलं असतं. जुहूच्या त्या जहाजाची खरी भीती काय होती? की समोर शहर दिसतंय. हजार माणसं किनाऱ्यावर उभी आहेत, हॉटेलांचे दिवे दिसतायत, आणि तरी तुम्ही आत अडकलात तर कोणाला कळणार नाही. शिवाय समुद्राचं स्वतःचं घड्याळ असतं, ओहोटीला चालत जवळ जाता येतं, भरती आली की परतीची वाट बंद. या दोन गोष्टी धरून बसले असते तरी मंत्रांची गरज पडली नसती. बायको-मुलगी पाण्यात गेलेल्या माणसाला भरतीच्या पाण्याची भीती दाखवायची, एवढं सरळ होतं ते. म्हणून जीव जळतो.

दुसऱ्या हाफमध्येच का गंडतं सगळं?

पहिल्या हाफला फक्त प्रश्न विचारायचे असतात आणि जागा नवीन असली की प्रश्न आपोआप पडतात, दार का उघडं आहे, खाली कोण आहे. उत्तर द्यायची वेळ इंटर्व्हलनंतर येते आणि तिथे जागा मदतीला येत नाही, तिथे लिहिणाराच लागतो. मग लिहिणारा काय करतो, तर जागा सोडून पळतो, म्हणजे पंचवीस वर्षं मागे जातो, किंवा बाहेरून एक जाणकार आणतो, तांत्रिक, पादरी, प्रोफेसर जो मिळेल तो, आणि त्याच्या तोंडून उत्तर वदवतो.

याचं माझ्यासाठी सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे २०१३ चा 'एक थी डायन'. मुंबईतली जुनी बिल्डिंग, जाळीच्या दाराची लिफ्ट, आणि एका लहान मुलाची पक्की समजूत की प्रत्येक बिल्डिंगचा आपला एक नरक असतो आणि लिफ्टमध्ये सहाचं बटण तीनदा दाबलं की तिथे जाता येतं. किती आपलं आहे हे! लहानपणी लिफ्टमध्ये एकटं जायला घाबरलेलं प्रत्येक पोर हे ओळखेल. आणि घरात नवीन आलेली कोंकणा सेन शर्मा, नुसती हसून बघते तरी पोटात गोळा येतो. इंटर्व्हलपर्यंत मला वाटलं होतं की हिंदीतला सगळ्यात चांगला हॉरर बघतोय मी. नंतर पोरगा मोठा झालेला, इमरान हाश्मी, आणि डायन ही की ती असं कोडं, आणि शेवटी डायनची ताकद जिच्यात असते त्या वेणीवरून मारामारी आणि कॉम्प्युटरचे इफेक्ट. लिफ्ट, बिल्डिंग, तो नरक, ज्याच्यासाठी आपण बसलो होतो ते पार मागे पडतं. पहिल्या हाफसाठी तरी बघाच, हे मी अजूनही सगळ्यांना सांगतो.

खऱ्या जागी जाऊन शूटिंग केलं तर फरक पडतो का?

दिसण्यात पडतो, गोष्टीत नाही. 'अ‍ॅज अबव्ह, सो बिलो' हा २०१४ चा पिक्चर खरोखर पॅरिसच्या भुयारांत उतरून शूट केलाय. ती भुयारं म्हणजे चुनखडीच्या जुन्या खाणी, अठराव्या शतकात पॅरिसमधली कब्रस्तानं इतकी भरून वाहायला लागली की १७८६ पासून हाडं गाड्यांत घालून रात्री खाली नेऊन रचायला सुरुवात झाली. जवळपास ६० लाख माणसांचे अवशेष आहेत तिथे. पिक्चरमध्ये एक सीन आहे, कॅमेरावाला पोरगा हाडांच्या ढिगावरून सरपटत चाललाय, छत इतकं खाली की मान वर करता येत नाही, आणि तो मध्येच अडकतो, श्वास लागतो, ओरडायला लागतो. तो सीन बघताना मी स्वतः पाय हलवून बघितले होते.

पण गोष्ट? परीस शोधणारी हुशार मुलगी, भिंतीवरचं कोडं बघते आणि दहा सेकंदांत सोडवते, पुन्हा दुसरं कोडं, पुन्हा दहा सेकंद, आपल्याला विचार करायला जागाच नाही. प्रत्येकाच्या मनात काहीतरी अपराध आहे म्हणे, पण तो आपल्याला कळतो तोच त्याला शिक्षा व्हायची वेळ येते तेव्हा, मग वाईट वाटणार कसं. एक मात्र मान्य करतो, खाली खाली जात राहिलं तरच वर निघता येतं हा त्यांचा नियम आणि शेवटी गटाराचं झाकण ढकलून रस्त्यावर येणं, हे त्या जागेतूनच आलेलं आहे आणि छान आहे. म्हणून याला मी पूर्ण वाया गेलेल्यांत धरत नाही, अर्धा.

आता उलट बाजू बघा. 'द डिसेंट', २००५, नील मार्शलचा. सहा बायका गुहेत उतरतात. ती गुहा इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत बांधलेला सेट होता! खोटी गुहा. तरी श्वास अडकतो, कारण ते प्राणी दिसायच्या कितीतरी आधी एक बाई अरुंद फटीत अडकते आणि मैत्रीण तिच्याशी बोलत बोलत तिला बाहेर काढते, आणि तेवढ्यात आपल्याला दोघींचं नातं कळतं. मैत्रीत कोणी कोणाला फसवलंय ते पुढे हळूहळू बाहेर येतं आणि गुहा जशी चिंचोळी होते तशी ती मैत्रीही. यात जागा आणि गोष्ट वेगळी काढताच येत नाहीत.

खऱ्या दुर्घटनेच्या जागी भुताचा पिक्चर काढावा का?

काढावा, पण त्या जागेचं देणं लागतो आपण, असं मला वाटतं. 'चेर्नोबिल डायरीज' (२०१२) घ्या. प्रिपयात हे चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राशेजारचं जवळपास ५० हजार वस्तीचं शहर, २६ एप्रिल १९८६ च्या रात्री अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवून सगळ्यांना बाहेर काढलं, लोकांना वाटलं दोन-तीन दिवसांत परत येऊ. कोणीच परत आलं नाही. मे महिन्याच्या सणाला सुरू व्हायचा आकाशपाळणा तसाच उभा राहिला. ताटं, वह्या, बाहुल्या, सगळं मागे. आणि जे दिसत नाही, वास येत नाही, त्या किरणांची भीती! इतकी मोठी भीती हाताशी असताना पिक्चरमध्ये काय येतं, तर फिरायला आलेली परदेशी पोरं, बंद पडलेली गाडी, आणि अंधारात मागे लागणारी विद्रूप माणसं. तेही शूट केलंय सर्बिया आणि हंगेरीत. शूटिंग कुठे केलं याचं मला काही नाही, पण ज्यांची घरं गेली त्यांनाच राक्षस करून टाकलं हे मला अजिबात पटलं नाही. जपानमधल्या आओकिगाहारा जंगलावरचा 'द फॉरेस्ट' (२०१६) बघतानाही असाच त्रास झाला, तिथे खरी माणसं खऱ्या दुःखाने जीव द्यायला जातात आणि पिक्चर त्याचा नुसता दचकवायला उपयोग करतो.

मग नीट जमलंय कोणाला?

आपल्याच मराठीत. 'लपाछपी', २०१७, विशाल फुरिया. पूजा सावंत गरोदर, नवऱ्यावर कर्ज, लपायला म्हणून उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहतात. ऊस! आपण एसटीच्या खिडकीतून आयुष्यभर बघितलेला ऊस. डोक्याच्या वर गेलेला, आत शिरलं की चारी दिशा सारख्या, वारा नसला तरी पात्यांची सळसळ, आणि पान हाताला लागलं तर चिरतं. अशा ठिकाणी लहान पोरं लपाछपी खेळतायत आणि त्या पोटुशी बाईलाच ती दिसतायत. उषा नाईकांचं काम बघून मला आमच्या गावाकडच्या एका नात्यातल्या बाईची आठवण झाली होती, तेच गोड बोलणं, तीच नजर. आणि भुतांमागचं कारण, मुलगी नको म्हणून केलेली पापं, ते त्या फडातून आणि त्या घरातूनच उगवतं, बाहेरून चिकटवलेलं वाटत नाही. यावरूनच पुढे हिंदीत 'छोरी' आला, २०२१ मध्ये, त्याच दिग्दर्शकाचा. दोन्ही बघा, पण आधी मराठी.

दुसरा 'तुंबाड', २०१८, राही अनिल बर्वे यांचा. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून, मूळ प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. लोक त्याचा पाऊस आणि तो वाडा यांचंच कौतुक करतात, आणि आहेच ते कौतुकाचं, २०१२ पासून चिकाटीने केलेलं काम आहे. पण मला विचाराल तर त्याची ताकद नियमांत आहे. हस्तर म्हणजे त्यातला शापित देव, त्याला सोनं मिळालं पण अन्न मिळालं नाही, म्हणून तो पिठाला हपापलेला. म्हणून पिठाची बाहुली टाकायची, तो ती खात असताना त्याच्या लंगोटातून मोहरा काढायच्या, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही. एवढंच. शाळेतल्या पोरालाही कळेल. आणि मग पोरगा बापाला म्हणतो की जास्त बाहुल्या नेल्या तर? तिथेच तुमच्या पोटात खड्डा पडतो, कारण नियम तुम्हाला माहीत आहेत, पुढे काय होणार ते तुम्हीच ओळखता. कोणी प्रोफेसर लागत नाही सांगायला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत थिएटरला लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

आणि कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' (२०१६). सोलहून बुसानला जाणारी सुसाट ट्रेन, डब्यांत झोंबी. ते दिसेल त्यावर धावून येतात, दार सरकवता येत नाही त्यांना. म्हणून काचेवर पाणी मारून वर्तमानपत्राचे कागद चिकटवायचे की ते शांत होतात. आणि बोगदा आला की अंधार, तेवढ्या वेळात सामान ठेवायच्या रॅकवरून सरपटत पुढच्या डब्यात जायचं. बोगदा, रॅक, सरकतं दार, सगळं ट्रेनचंच. ज्याने लोकलने प्रवास केलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

बजेट कमी असतं म्हणून गोष्ट कच्ची राहते का?

नाही. 'लपाछपी'त मोजकी माणसं, एक घर आणि ऊस. कागदावर लिहायला सेट बांधण्याइतका पैसा लागत नाही. उलट खूपदा असं दिसतं की पैसा आणि वेळ सगळा जागा उभी करण्यात जातो आणि गोष्टीवर दुसरा हात फिरवायला कोणी बसतच नाही.

हातातल्या कॅमेऱ्याने शूट केल्यासारखे जे पिक्चर असतात त्यांच्यात हे जास्त होतं का?

हो, कारण त्यांना आणखी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, जीव जात असताना हा माणूस शूटिंग का करतोय? आणि दुसरा, हे फुटेज आपल्यापर्यंत आलं कसं? 'अपोलो १८' (२०११) मध्ये कल्पना किती सुंदर, अपोलो १८ ही चंद्रावरची खरी मोहीम रद्द झाली, १९७२ चं अपोलो १७ हेच शेवटचं ठरलं, पण गुपचूप एक यान गेलंच होतं म्हणे. चंद्रावरची शांतता, खड्ड्यातला काळाकुट्ट अंधार, परत यायची शक्यता नाही. पण यान परत आलंच नाही तर फिल्म पृथ्वीवर कोणी आणली हे धड सांगतच नाहीत, आणि एकदा ते डोक्यात आलं की बाकी काही दिसेनासं होतं.

मला गोष्ट नसली तरी चालते, नुसतं वातावरण आवडतं. चुकतंय का माझं?

अजिबात नाही. मी स्वतः 'इव्हेंट होरायझन' (१९९७) कितीतरी वेळा बघितलाय. नेपच्यूनपाशी सापडलेलं यान, चर्चसारखं उंच आणि काटेरी आतून, दिवे मालवून हेडफोन लावून बघा. चाचणी शोनंतर त्यातलं बरंच कापलं गेलं आणि कापलेला भाग पुढे धड अवस्थेत हाती लागला नाही, त्यामुळे गोष्टीला मध्ये मध्ये भोकं आहेत, ती दिसतात. तरी मी बघतो. फक्त दुसऱ्याला सुचवताना सांगून टाकावं की बाबा, जागेसाठी बघ.

घरच्यांबरोबर बघण्यासारखा यातला कुठला?

लहान मुलं असतील तर यातला एकही नको. मोठ्यांबरोबर 'ट्रेन टू बुसान', बाप-लेकीची गोष्ट आहे, आई रडेल. 'लपाछपी' घरात कोणी गरोदर असेल तर आत्ता नको, नंतर बघा.

महाराष्ट्रात अशी कुठली जागा अजून बाकी आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. गाळप संपल्यावर बंद असलेला साखर कारखाना, मळीचा वास आणि पहारेकरी एकटा. मुक्कामी एसटी, म्हणजे रात्रीची शेवटची गाडी जी गावातच थांबते आणि ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, आणि पहाटे पहिला प्रवासी कोण चढतो.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून बसलंय ते उजनी धरणातलं पळसदेव. भीमेवर धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, माणसं वर येऊन राहिली, पण पळसनाथाचं देऊळ तिथेच आहे. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, मग कधी कधी सगळं देऊळ उघडं पडतं, लोक चिखलातून आणि होडीतून बघायला जातात. नियम जागेनेच देऊन ठेवलाय बघा, पाणी उतरेल तेव्हाच आत जाता येतं आणि पाऊस लागायच्या आत बाहेर यायचं. कोणाचं काय आत राहिलंय, कोण दरवर्षी पाण्याची पातळी बघत बसतं, हे लिहायला तिथल्याच माणसाने बसावं, एखाद्या म्हाताऱ्याशी बोलून, ज्याने आपलं घर बुडताना बघितलंय. कोणी लिहीत असाल तर मला नक्की कळवा, कितीही लांब असलं तरी मी पहिल्या दिवशी येईन.